सातव्या वर्षाचा बिंदू

कचेरीत तिला सगळे गाळणी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष? गणिताचा धडा असो की संख्याशास्त्राचं उदाहरण, तिच्या टेबलावरून पुढे सरकताना त्यातला खडा न् खडा बाजूला निघायचा. कुणी उत्साहाच्या भरात उदाहरणात आपल्या मामाचं नाव घातलं, गल्लीतलं दुकान घातलं, की गाळणीची लाल रेघ आलीच. "तुमचा मामा तुम्हाला लखलाभ," ती म्हणायची. "जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मास्तरणीने त्याला कुठे बसवायचं?"

तिचं बरोबरच होतं, कारण त्या कचेरीचं कामच तसं होतं. महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या दोन खोल्यांत बसून ही मंडळी गणित आणि संख्याशास्त्र शिकवायचं साहित्य तयार करायची. धडे, आलेख, सरावाचे प्रश्न. आणि ते सगळं सगळ्यांना फुकट देऊन टाकायची. कुणीही घ्यावं, आपल्या वर्गाला जमेल तसं बदलावं, पुढच्याला द्यावं. अट एकच, काय बदललं ते सांगावं. बदललेल्या प्रती फिरून कचेरीत परत यायच्या. त्यातली एखादी मुळापेक्षा सरस निघाली तर तीच नवी मूळ प्रत ठरायची. सरस आहे की नाही हे गाळणीने बघायचं. तिने मान्य केल्याशिवाय एक आकडा हलत नसे.

कचेरीचे प्रमुख स्वभावाने गरीब. कुठलंही भांडण आलं की दोघांचं थोडं थोडं ऐकून मधलं काहीतरी काढायचे, म्हणून त्यांना सरासरी साहेब असं नाव पडलं होतं. एका दुपारी त्यांनीच तिला एक परत आलेली प्रत पाठवली. "जरा बघा. आपल्या जुन्या प्रश्नापेक्षा भरगच्च आहे. मला तर आवडली."

प्रश्नाचं नाव होतं 'वाढ'. एका मुलाची दर वाढदिवसाला मोजलेली उंची, त्याचा आलेख, आणि त्या बिंदूंमधून जाणारी रेघ. असे प्रश्न तिने ढिगाने तपासले होते. खुर्ची पुढे ओढून ती डाव्या बाजूने बिंदू वाचू लागली. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. सगळं कसं शिस्तीत चाललेलं. सहा. सात.

सातव्या बिंदूपाशी तिचा हात थांबला. तो बिंदू रांग सोडून वर गेला होता, आणि आठवा जवळपास त्याच उंचीवर. म्हणजे सातव्या वर्षी पोर एकदम ताडकन वाढलं आणि पुढचं वर्षभर वाढलंच नाही. बदल करणाऱ्याने सातव्यावर लाल फुली मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'मोजताना झालेली चूक. वगळावी.'

गाळणीने तो बिंदू ओळखला. कारण ती त्या मोजणीच्या वेळी तिथेच उभी होती, हातात कणकेचा गोळा घेऊन.

तिची मुलगी वयाच्या मानाने बुटकी होती. सगळे तिला टिंगू म्हणायचे आणि ती सगळ्यांवर डाफरायची. दर वाढदिवसाला तिचा बाप तिला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचा, डोक्यावर पट्टी आडवी धरायचा आणि पेन्सिलीने खूण करायचा. सातव्या वाढदिवसाला बाईसाहेबांनी टाचा उचलल्या. तोंड असं केलं होतं की जणू आपल्याला काही माहीतच नाही. बापाने बघितलं, आईने बघितलं, दोघांनी ओठ चावले. खूण झाली, आकडा झाला, मग टिंगूने टाचा हळूच खाली टेकवल्या. टप्. आणि टाळ्या पिटत घरभर नाचली. पुढच्या वर्षी टाचा उचलायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि वर्षभरात आपण वाढलोच नाही म्हणून ती रडली.

चौकटीवर नऊ खुणा झाल्या. दहावा वाढदिवस यायच्या आत ताप आला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं.

त्यानंतर आईला ती चौकट बघवेना. तिने रंगाऱ्याला बोलावून घेतलं आणि समोर उभं राहून तिच्यावर दोन हात रंग चढवून घेतला. खुणा गेल्या. निदान तिची तरी तशी समजूत होती. मग ह्या कुठून आल्या, हे तिला विचारावं लागलं नाही. तिचा नवरा पुढच्या इमारतीत संख्याशास्त्र शिकवत होता आणि कचेरीसाठी प्रश्नही लिहीत होता. ती महिनोन् महिने रजेवर होती, तेव्हा त्याने रंगारी यायच्या आधी टेपने एकेक खूण मोजून घेतली असणार आणि प्रश्न करून देऊन टाकली असणार. नावगाव काही नाही, फक्त 'एक मूल'. तिनेच घालून दिलेल्या नियमाबरहुकूम.

राग येऊ शकला असता. आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, कारण आलेख नवव्या वर्षापाशी थांबलाच नव्हता. दहावा बिंदू होता. अकरावा होता. बारा, तेरा, चौदा, असं चढत चढत ते मूल सोळा वर्षांचं झालं होतं. टिंगू आज असती तर सोळाचीच असती. आणि सगळ्या बिंदूंच्या डोक्यावर एकच मथळा, 'प्रत्यक्ष मोजलेली उंची'.

कुणी मोजली?

ती शहाणी बाई होती. आकड्यांच्या धंद्यात तिचे केस पिकले होते. तरी त्या क्षणी तिच्या मनात आलं ते आलंच, की कुठेतरी, कुठल्यातरी लांबच्या घरात, कुणीतरी दर वर्षी माझ्या पोरीला चौकटीशी उभं करतंय.

प्रत ज्या शिक्षिकेकडून आली होती तिला तिने लगेच विचारलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'मला ही अशीच मिळाली. मोजलेली आहे असंच वर लिहिलंय. का? काही चुकलंय का?' गाळणीने तिच्याही मागचा माणूस शोधला, त्याच्याही मागचा. शेवटी एका म्हाताऱ्या मास्तराचा पत्ता लागला. त्याने मोकळेपणी सांगितलं, की नऊ बिंदूंत मुलांचा सराव होत नव्हता म्हणून पुढचे त्याने सूत्राने काढले, आणि तसं खाली लिहिलंही होतं. पुढच्या कुणीतरी नक्कल करताना खालची ओळ राहून गेली. नकलेची नक्कल होताना असं होतंच. म्हणजे कुणी कुणाला मोजत नव्हतं.

कोडं सुटलं. गाळणीने त्याच मिनिटाला प्रत नाकारायला हवी होती, आणि दुसऱ्या कुणाची असती तर तिने ती चिमटीत धरून बाहेर फेकली असती. तिने ती नाकारली नाही. सरासरी साहेबांना म्हणाली, "बघतेय अजून." कचेरीत माणसं एकमेकांकडे बघू लागली.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, जी तिने कुणालाही सांगितली नव्हती. टिंगू गेल्यापासून संध्याकाळच्या वेळी कधीमधी त्या रंगवलेल्या चौकटीपाशी आवाज यायचा. टप्. दोन टाचा अलगद टेकवल्याचा. कुणी म्हणेल लाकूड फुगतं, रंगाखाली हलतं. म्हणो बापडे. आईला आवाज ओळखायला सुतार लागत नाही. त्या आवाजाची तिला कधी भीती वाटली नव्हती. चुलीपाशी उभी असली तर ती मागे वळून बघायची नाही, एवढंच. वळलं तर थांबेल असं वाटायचं.

प्रत आली त्या आठवड्यापासून तो आवाज बदलला. आधी तिला भास वाटला. पण नाही, आवाज जड झाला होता. नऊ वर्षांच्या काटकुळ्या पोरीच्या टाचा नव्हत्या त्या. अंगापिंडाने भरलेलं कुणीतरी चौकटीला टेकून उभं होतं आणि वजन ह्या पायावरून त्या पायावर घेत होतं. धप्. एकदा भांडं विसळताना तिला वाटलं की मागचं माणूस आपल्या खांद्यावरून पुढे वाकून बघतंय. तिचे हात पाण्यातच गार पडले. घाबरली, पण ओठांवर हसूही आलं. पोरगी आपल्यापेक्षा उंच झाली, असं तिला वाटलं.

एका रविवारी नवरा बाजारात गेल्यावर तिने टेप काढला. सोळाव्या वर्षाची उंची तिला पाठच झाली होती. चौकटीवर तेवढ्या उंचीला पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि तिला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वर भरली, बोटभर. "बघ की," ती मोठ्याने म्हणाली. "टिंगू म्हणून चिडवायचे तुला. आता बोलव त्यांना."

बाजूला कुणीतरी श्वास घेतला. ती दचकून वळली तर दारात नवरा उभा. दोन्ही हातांत पिशव्या. तो रेघेकडे बघत होता.

"कुणाची आहे ती?" त्याने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. एक आडवी झाली आणि कांदे घरंगळत टेबलाखाली गेले, पण कुणी वाकलं नाही.

"तू मला न विचारता तिला देऊन टाकलंस," ती म्हणाली. "कुणीही घ्या, कसंही बदला, पुढे द्या! पोटच्या पोरीवर हा शिक्का मारताना तुझा हात थरथरला नाही?"

"आणि तू काय केलंस?" तो म्हणाला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण आज चढला. "रंग फासलास. मला एक दिवस तरी द्यायचास. रंगारी खाली शिडी उघडत होता आणि मी इथे गुडघ्यांवर बसून खुणा मोजत होतो, चोरासारखा. कुठे ठेवू त्या? घरात तर तिचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून वर्गात ठेवल्या. निदान तिथे रोज कुणीतरी तिला मोजतं."

ती चौकटीवरच्या रेघेकडे वळली. मग तिने वर्गातल्या पोरांसारखा सरळ प्रश्न विचारला. "सोळाव्या वर्षी किती असती रे ती?"

नवऱ्याने तोंड फिरवलं. "माझ्या प्रश्नाला चार पर्याय आहेत," तो म्हणाला. "तीन आकडे आणि चौथा, 'या मोजमापांवरून सांगता येत नाही.' चौथा बरोबर. दर वर्षी पोरं माझ्याशी हुज्जत घालतात. सर, रेघ तर सरळ जातेय, ओढा की पुढे. मी म्हणतो, जिथे मोजणं थांबलं तिथे रेघ थांबवायची. एवढंच शिकवतो मी. दुसरं काही मला शिकवता येत नाही."

"मला ओढायचीय पुढे," ती म्हणाली आणि खाली बसून रडू लागली. तो तिच्या शेजारी बसला. बसला फक्त, हात लावला नाही. त्या दोघांत ती सवय केव्हाच मोडली होती. संध्याकाळी चौकटीपाशी धप् असं वाजलं. तिने बघितलं, नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर केलं आणि पुन्हा खाली घातलं. आजवर तिला वाटायचं की तो तिच्या भांड्यांच्या आवाजाने डोकं वर करतो. आज ती रिकाम्या हातांनी त्याच्या समोरच बसली होती.

सरासरी साहेबांचा धीर शेवटी संपला. त्यांनी तिला आणि दोघा प्रश्नलेखकांना मोठ्या टेबलाशी बोलावलं आणि 'वाढ'ची नवी प्रत भिंतीवरच्या पडद्यावर लावली. "पुढचे बिंदू सूत्राने काढलेत हे कळलं," ते म्हणाले. "ठीक आहे. तसं लिहून टाकू आणि हीच मूळ प्रत करू. जुनी अडगळीत. बिंदू जास्त, सराव जास्त. फक्त आपल्याकडून एक सफाई करू." त्यांनी सातव्या बिंदूवर बोट ठेवलं. "हा खोडूनच टाकू. नुसत्या फुलीने पोरं गोंधळतात. हा काढला ना, की बघा रेघ कशी झुळझुळीत जाते सोळापर्यंत."

त्यांनी बिंदू काढून दाखवला. रेघ खरोखरच जरा हलली, खाली बसली आणि सगळे बिंदू तिच्यावर आज्ञाधारक मुलांसारखे चढले.

गाळणी बघत राहिली. म्हणजे असं होतं तर. ही जी सोळा वर्षांची उंच पोरगी तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहत होती, ती ह्या सूत्रातून आली होती, आणि सूत्र बसवण्यासाठी सातवा बिंदू आधी वगळावा लागला होता. म्हणजे त्या पोरीने सातव्या वाढदिवसाला टाचा उचलल्याच नव्हत्या. आठव्या वाढदिवसाला ती रडलीही नव्हती. शहाण्यासारखी दर वर्षी ठरल्याप्रमाणे वाढली होती. मग ती कोण होती? गाळणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस आपण कुणाला घरात घेतलं होतं?

"तो बिंदू चूक नाही," ती म्हणाली.

"अहो, उघड दिसतंय. मोजणाऱ्याने काहीतरी गोंधळ—"

"मोजणाऱ्याला सगळं दिसत होतं. टाचा आहेत त्या."

"टाचा?"

"तिने टाचा उचलल्या होत्या, साहेब. उंच दिसायचं होतं तिला. माझी मुलगी आहे ती."

लेखकांपैकी एकाने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. सरासरी साहेबांना मधलं काहीतरी सुचायला हवं होतं. सगळा जन्म त्यांनी तेच केलं होतं. पण ह्यात मधलं काढायला जागाच नव्हती. त्यांनी उठून पडदा बंद केला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

तिने नवी प्रत नाकारली. कारण लिहायच्या जागी तिने लिहिलं, 'नवव्या वर्षानंतर हे मूल मोजलेलं नाही. ते हयात नाही.' सहा वर्षांत तिने हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं, आणि लिहून झाल्यावर ती बराच वेळ ते वाचत बसली. मग जुनी मूळ प्रत उघडली. तिच्यात तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला आणि सातव्या बिंदूखाली जगाच्या कुठल्याच टोकाला उपयोग नसलेली एक ओळ घातली. 'या दिवशी मुलीने टाचा उचलल्या होत्या. हा बिंदू काढू नये.' लेखकांपैकी एकाने ते वाचलं. मामाचं नाव कापलं गेलेला तोच तो. त्याने ते पान जसंच्या तसं पुढे सरकवलं.

घरी येऊन तिने चौकटीवरची पेन्सिलीची रेघ ओल्या फडक्याने पुसली. आवाज थांबला.

धप् थांबला ते बरंच झालं, पण टप्ही आला नाही. आठवडे गेले. संध्याकाळी ती मुद्दाम पाठ करून उभी राहायची, नळ बंद ठेवायची, श्वास धरायची. चौकट मुकी. आपण लिहिलं आणि ती गेली, असं तिला वाटू लागलं. घर इतकं शांत झालं की तिला तिथे बसवेना. एकदा तिने नवऱ्याला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोही हल्ली वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसायचा.

मग कचेरीत 'वाढ'ची आणखी एक प्रत परत आली. लिपी कुठली ते कुणालाच सांगता येईना. अक्षरं नुसती वेटोळी. सरासरी साहेब म्हणाले, भाषा जाणणारं कुणीतरी शोधू. गाळणी म्हणाली, गरज नाही. बिंदू तिला वाचता येत होते. एक, दोन, तीन. शिस्तीत. सातवा जागच्या जागी, रांग सोडून वर. आठवा त्याच्या शेजारी. नववा. त्याच्या पुढे काही नाही, कोरा कागद, आणि त्या कोऱ्या भागात कुणी रेघही ओढलेली नव्हती.

सातव्या बिंदूखाली तिची ओळ त्या वेटोळ्या अक्षरांत होती. आणि ज्या कुणी ती भाषांतरित केली होती, त्याला किंवा तिला ती पुरेशी वाटली नसावी. ओळीशेजारी एक चित्र काढलं होतं, वर्गातल्या एखाद्या मुलाने काढल्यासारखं ओबडधोबड. दोन लहान पावलं. चवड्यांवर उभी, टाचा अधांतरी.

तिने ते चित्र छापून घेतलं आणि घरी नेलं. नवरा जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत होता. तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने चष्मा पुसला, बघितलं, पुन्हा चष्मा पुसला.

"डावी टाच जरा जास्तच उचललीय," तो म्हणाला.

"तिची उजवी होती," ती म्हणाली. आणि दोघंही हसली, सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीवरून हसली, नाक लाल होईपर्यंत.

तेव्हा चौकटीपाशी वाजलं. हलकंच, जेमतेम ऐकू येईल इतकं. टप्.

नवऱ्याचं डोकं वर झालं, आणि ह्या वेळी त्याने ते खाली घातलं नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"तुलाही येतो ऐकू?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.